छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातील जुन्या मशिदी : इतिहास, स्थापत्य आणि कालनिश्चितीचा प्रश्न

प्रास्ताविक

औरंगाबाद, म्हणजेच २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, या शहराच्या ऐतिहासिक वास्तूंचा विषय निघाला की बीबी का मकबरा, पाणचक्की आणि दरवाजे ही नावे प्रथम ओठांवर येतात. अभ्यागतांची पावले तेथून वेरूळ-अजिंठ्याकडे वळतात. जुन्या शहरातील मशिदींचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या वाक्यापुरताच होतो. यामागे एक साधे कारण आहे. मकबरा ही तिकीट काढून पाहावयाची वास्तू आहे, तर मशीद ही आजही दिवसातून पाच वेळा वापरात असलेली वास्तू आहे. जी वास्तू रोजच्या वापरात असते तिच्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नसते. परिणामी काळी मशीद, जामा मशीद, चौक मशीद, लाल मशीद आणि शहागंज मशीद या पाच वास्तूंविषयी एकाच जुन्या ग्रंथातील चार-सहा ओळी पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतल्या जात आहेत. तो ग्रंथ म्हणजे १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेले निजाम राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर होय. या ग्रंथाचे ऋण मान्य करूनही त्यातील सनावळी व आकडे तपासून पाहण्याची गरज आहे. प्रस्तुत लेखात या मशिदींच्या स्थापत्याचा परिचय करून देत असतानाच ही तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मलिक अंबरच्या काळासाठी 'खडकी' आणि मोगल-निजाम काळासाठी 'औरंगाबाद' ही त्या त्या काळची नावे येथे वापरली आहेत. मधल्या काळात, १६२६ नंतर, मलिक अंबरचा पुत्र फतेहखान याच्या नावावरून शहराला 'फतेहनगर' असेही म्हटले गेले. एकाच वस्तीने इतकी नावे धारण केली असल्याने कागदपत्रे वाचताना गोंधळ होण्याचा संभव असतो.

खडकीची उभारणी

इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष बनलेला मलिक अंबर याचे चरित्र मराठी वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. त्यानंतर मलिक अंबरने परांडा येथे दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले. पुढे राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तेथून दौलताबादला हलली. दौलताबादच्या पूर्वेस असलेल्या खडकी या गावी १६१० मध्ये त्याने नवे शहर वसविले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भोसले घराण्यातील सरदारांच्या नावांवरून मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी पुऱ्यांची नावे पडल्याची परंपरा येथे आजही सांगितली जाते. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा, जमिनीखालून मातीच्या नळांनी पाणी आणणारी नहर-ए-अंबरी आणि मशिदी या सर्वांचा विचार एकत्र करावयास हवा. वस्ती, पाणी आणि प्रार्थनास्थळ यांची आखणी एकाच डोक्यातून निघालेली दिसते.

मलिक अंबरने या शहरात सात मशिदी बांधल्या आणि त्या सर्वांना 'काळी मशीद' हे एकच सर्वसाधारण नाव होते, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. काळा रंग हा अर्थातच दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाचा. हा दगड कठीण असतो, भार उत्तम पेलतो, पण वालुकाश्माप्रमाणे बारीक कोरीवकामाला सहज वळत नाही. म्हणून दख्खनमधील कारागिराने दगडाचा साधेपणा स्वीकारला आणि नक्षीची हौस जेथे भागवावयाची तेथे ती चुन्याच्या गिलाव्यात भागविली. ज्यांनी अहमदनगरची दमडी मशीद पाहिली आहे त्यांना हे विधान थोडे धाडसी वाटेल, कारण तेथे दगडावरच अप्रतिम काम आहे. परंतु तो स्थिरावलेल्या राजधानीतील, सवडीचा काळ होता. खडकी हे युद्धकाळात वसविलेले शहर होते. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगल फौजांनी ते जाळलेही. अशा शहरातील बांधकामात घाई आणि काटकसर दिसणे स्वाभाविक आहे.

जामा मशीद : समान खणांची वास्तू

किले अर्कच्या परिसराजवळील जामा मशीद ही या शहरातील सर्वांत बोलकी वास्तू आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दर्शनी भागात नऊ नोकदार कमानी आहेत. त्यांपैकी पाच मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधल्या व उरलेल्या चार औरंगजेबाने वाढविल्या, असे सांगितले जाते. आत बहुकोनी स्तंभ असून ते कमानींनी एकमेकांस जोडलेले आहेत. त्यामुळे सत्तावीस समान खण तयार होतात आणि प्रत्येक खणावर एक साधा, पण सुबक घुमटाकार छत आहे. इमारत बुटकी आहे. छज्जाखाली तोड्यांची रांग इतकी दाट आहे की दुरून ती एखाद्या पट्टीसारखी भासते. वरच्या कठड्यात वेगळ्याच धाटणीची छिद्रे आहेत. कोपऱ्यांवर अष्टकोनी खांब असून त्यांच्या माथ्यावर लहान घुमट्या बसविल्या आहेत.

प्रथमदर्शनी ही मशीद पाहणारास थोडी निराशा वाटते. मोठा घुमट नाही, उंच मिनार नाहीत. विजापूरच्या जामा मशिदीलाही दर्शनी बाजूस नऊच कमानी आहेत, परंतु तेथे मधले अनेक खण एकत्र करून त्यांवर एक भव्य घुमट चढविला आहे. खडकीच्या मशिदीत सर्व खण सारख्याच योग्यतेचे आहेत. हा दोष मानावा काय? बांधकामशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हाच तिचा विशेष ठरतो. घुमटाचा भार खाली येतो त्याप्रमाणे बाहेरही रेटा देतो. शेजारी शेजारी सारखे लहान घुमट असले की एकाचा रेटा दुसऱ्याने तोलला जातो आणि बाहेरच्या भिंतींवर फारसा ताण येत नाही. शिवाय सर्व कमानी एकाच मापाच्या असल्याने त्या बांधताना खाली द्यावयाचा लाकडी साचा पुनःपुन्हा वापरता येतो. थोड्या काळात, थोड्या लाकडात मोठे छत उभे करण्याची ही रीत आहे. युद्ध तोंडाशी असलेल्या मलिक अंबरला ती सोयीची वाटली असल्यास नवल नाही.

याच रीतीचा आणखी एक परिणाम झाला. चाळीसएक वर्षांनी औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून पुन्हा आला. १६५३ नंतर शहराला त्याचे नाव मिळाले, लोकसंख्या वाढली आणि शुक्रवारच्या नमाजासाठी जागा अपुरी पडू लागली असणार. मधोमध मोठा घुमट असलेली मशीद रुंदीत वाढविली तर तिचा तोल बिघडतो. समान खणांच्या मशिदीला मात्र तेच खण पुढे जोडत गेले की झाले. पाच ही विषम संख्या आहे आणि नऊ हीदेखील विषमच आहे, म्हणजे मध्यभागी कमान राहण्यास वाढीनंतरही अडचण नव्हती. निजामशाहीचा पाडाव करणाऱ्या सत्तेच्या राजपुत्राने मलिक अंबरच्या मशिदीत स्वतःची शैली न घुसडता त्याच मापाच्या कमानी जोडल्या, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या पुस्तकांतून कळत नाही. ती दगडातच वाचावी लागते.

आता आकड्यांचा प्रश्न. गॅझेटियरच्या मते आत प्रत्येकी दहा स्तंभांच्या पाच रांगा, म्हणजे एकूण पन्नास स्तंभ आहेत. नऊ कमानींना दहा आधार लागतात, हे बरोबर आहे. कमानींची संख्या अधिक एक, हा नियम शाळकरी मुलालाही समजेल. परंतु सत्तावीस खण म्हणजे रुंदीत नऊ आणि खोलीत तीन. तीन खणांच्या खोलीला आधारांच्या चार रांगा पुरतात, आणि चार रांगांचे आधार चाळीस होतात. पाच रांगा असतील तर खण छत्तीस व्हावयास हवेत. म्हणजे एकाच परिच्छेदातील दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि तरीही शंभर-सव्वाशे वर्षे ते दोन्ही शेजारी शेजारी छापले जात आहेत. हे कोडे आम्ही पदव्युत्तर वर्गात घालतो. उत्तर मात्र सांगत नाही, आणि येथेही सांगणार नाही. नमाजाची वेळ टाळून, पादत्राणे बाहेर काढून, व्यवस्थापकांची परवानगी घेऊन विद्यार्थ्याने स्वतः मोजून यावे, एवढीच अट असते. भिंतीतील अर्धस्तंभ स्तंभांत धरावयाचे की नाही, हा वाद मग वर्गात आपोआप सुरू होतो आणि सर्वेक्षण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

काळी मशीद आणि इ. स. १६००

जुना बाजार भागातील काळी मशीद ही उंच जोत्यावरील सहा स्तंभांची लहानशी दगडी इमारत आहे. ती मलिक अंबरने १६०० मध्ये बांधली असे सर्वत्र लिहिलेले आढळते. या सनावरून ती शहरातील सर्वांत जुनी मशीद ठरते. मात्र शहर वसविले गेले १६१० मध्ये. मग शहराच्या दहा वर्षे आधी शहरातील मशीद कशी?

यावर एक उत्तर असे देता येते की खडकी हे गाव आधीपासून होते आणि गावात मशीद असणे अशक्य नाही. हे मान्य केले तरी १६०० या वर्षी मलिक अंबर कोठे होता, हे पाहावे लागते. त्या वर्षी अहमदनगरला मोगलांचा वेढा होता व किल्ला पडला. मलिक अंबर हा तेव्हा काही हजार स्वारांचा नायक होता आणि विस्कळीत झालेल्या राज्याचे तुकडे गोळा करण्याच्या उद्योगात गुंतला होता. अशा वर्षी त्याने एका खेडेगावी जोते उंच करून दगडी मशीद बांधावी, हे संभवनीय वाटत नाही. १६१० च्या सुमारास शहराची आखणी करताना बांधलेली पहिली वास्तू म्हणून ती अधिक सुसंगत दिसते.

मग १६०० हा आकडा आला कोठून? हा गोळाबेरजेचा आकडा असावा, हे एक सरळ उत्तर आहे. दुसरी शक्यता कालगणनेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. निजामशाहीच्या आणि मराठ्यांच्या दप्तरात हिजरी सनाबरोबर शुहूर सनही चालत असे. मोडी वाचणाऱ्यांना तो परिचित आहे. हिजरी सन चांद्र असल्याने त्याचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, तर शुहूर सन सौर असून तो मृग नक्षत्राच्या आसपास बदलतो. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन मिळतो. आता १००९ हा आकडा घ्या. तो हिजरी मानला तर इ. स. १६००-०१ येते आणि शुहूर मानला तर १६०८-०९ येते. म्हणजे एका सनाचा आकडा दुसऱ्याचा समजून वाचला तर त्या काळात आठ वर्षांची चूक होते. मशिदींवरील लेख सामान्यतः हिजरीतच असतात, त्यामुळे या मशिदीच्या बाबतीत असेच घडले असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु कागदोपत्री परंपरेतून आलेला सन असेल तर ही शक्यता तपासल्याशिवाय १६०० हा आकडा पुढे नेऊ नये, एवढे निश्चित म्हणता येते. मलिक अंबरच्या इतर कोणत्याही वास्तूला त्याच्या हाती सत्ता येण्यापूर्वीचा सन आपण असा बिनदिक्कत दिला नसता.

चौक मशीद आणि शाहिस्तेखान

सिटी चौकाजवळील चौक मशीद शाहिस्तेखानाने १६६५ मध्ये बांधली, अशी नोंद आहे. शाहिस्तेखान म्हणजे मुमताजमहलचा भाऊ, औरंगजेबाचा मामा. महाराष्ट्रात त्याचे नाव लाल महालातील तुटलेल्या बोटांशी कायमचे जोडले गेले आहे. ती घटना एप्रिल १६६३ ची. त्यानंतर बादशहाची मर्जी खप्पा होऊन त्याची रवानगी बंगालच्या सुभ्यावर झाली व १६६४ मध्ये तो तेथे पोहोचला. १६६५ मध्ये, म्हणजे इकडे मिर्झाराजे जयसिंग व शिवाजी महाराज यांच्यात पुरंदरचा तह होत असताना, शाहिस्तेखान चितगावच्या मोहिमेच्या तयारीत होता. औरंगाबादेत तो नव्हता.

तेव्हा १६६५ हे बांधकाम पूर्ण झाल्याचे वर्ष मानावे लागेल. सुभेदाराने पाया घालावा, जमीन व रक्कम नेमून द्यावी आणि त्याच्या बदलीनंतर कारभाऱ्यांनी काम तडीस न्यावे, हा प्रकार मोगल अमदानीत अगदी नेहमीचा होता. असे मानले की अडचण उरत नाही. उलट एक नवी गोष्ट हाती लागते. १६६० ते १६६३ या दख्खनमधील कारकिर्दीतच, शिवाजी महाराजांविरुद्ध मोहीम चालू असताना, शाहिस्तेखानाने औरंगाबादेत या मशिदीची योजना केली असावी. 'बांधली' या एका क्रियापदाखाली आपण आरंभ, समाप्ती आणि शिलालेखाची स्थापना या तीन वेगळ्या घटना दडपून टाकतो. हिजरी वर्ष दोन इसवी वर्षांत विभागले जाते, ही आणखी एक बारीक गोष्ट. हिजरी १०७५ हे जुलै १६६४ ते जुलै १६६५ असे येते, त्यामुळे एका वर्षाचा फरक तर रूपांतरातच संभवतो.

स्थापत्याच्या अंगाने ही मशीद जामा मशिदीहून वेगळी मनोवृत्ती दाखविते. पुढे पाच नोकदार कमानी, आत दोन कमानींची खोली. पाच कमानींना सहा आधार, त्यांपैकी टोकांचे दोन भिंतीत गेले की चार स्तंभ उरतात. अशा दोन रांगांचे आठ स्तंभ. गॅझेटियरनेही आठच सांगितले आहेत. येथे हिशेब चोख जुळतो. घुमट पाच आहेत. त्यांपैकी मधला उंच व धातूच्या कळसाचा असून बाकीचे छतात लपविले आहेत. कोपऱ्यांवर मिनार, प्रवेशद्वारावर दोन मिनार, अंगणात हौज. जामा मशिदीत सर्व खण सारखे होते, येथे मध्यभागाला मान मिळाला आहे. पाहणाऱ्याची नजर रस्त्यावरूनच मधल्या घुमटाकडे जावी अशी ही योजना आहे.

तिचे जोतेही लक्षात घेण्यासारखे आहे. उंच जोत्याच्या पोटात खोल्या असून त्या रस्त्याकडे उघडतात व त्यांत दुकाने असतात. बाजाराचा गलबला खाली राहतो, प्रार्थना वर होते आणि दुकानांच्या भाड्यातून दिवाबत्ती, हौजाची साफसफाई, इमामाचे वेतन व दुरुस्तीचा खर्च निघतो. वक्फ या संस्थेचे अर्थशास्त्र इतक्या स्वच्छपणे दाखविणारे उदाहरण वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनाही उपयोगी पडेल. आपल्याकडे देवळांच्या ओवऱ्यांतून व घाटांवरच्या दुकानांतून अशीच व्यवस्था दिसते.

लाल मशिदीविषयी थोडक्यात सांगता येईल. तिचा दगड काळाच आहे, त्यावर लाल रंग दिला आहे. दिल्ली-आग्र्याचा लाल वालुकाश्म दख्खनमध्ये मिळत नाही. तो आणण्याचा खर्च न करता त्याची आठवण रंगाने भागविलेली दिसते. मकबऱ्यातही काहीशी हीच युक्ती आहे. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता, मधल्या भागात बेसॉल्टवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. मकबऱ्याला 'गरिबांचा ताजमहाल' म्हणून हिणविण्याची प्रथा आहे. ती सोडून द्यावी असे वाटते. स्थानिक दगड व स्थानिक चुना यांच्या बळावर उत्तरेकडील शैली बोलती करणे हे कारागिरीचे काम आहे, दारिद्र्याचे नव्हे. प्रसंगोपात्त हेही नमूद करावे की मकबऱ्याच्या पश्चिमेकडील मशीद मूळ योजनेतील नाही. ती नंतर, बहुधा हैदराबादच्या निजामाच्या काळात, बांधली गेली असावी असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मत आहे.

शहागंज मशीद : पाणी, बाजार आणि घुमट

शहागंज मशीद सुमारे १७२० ची. औरंगजेबाच्या मृत्यूला तेरा वर्षे झाली होती. दिल्लीच्या गादीवर सय्यद बंधूंचा प्रभाव होता आणि दख्खनमध्ये निजामुल्मुल्कचा उदय होत होता. समकालीन इतिहासकार खाफीखान याने आपल्या 'मुन्तखबुल्लुबाब' या ग्रंथात या जागेविषयी माहिती दिली आहे. तिचा आशय असा की शहागंजचा हौज सय्यद हुसेन अलीने सुरू केला, पुढे इवजखानाने मशीद व इमारती वाढविल्या, तरी उन्हाळ्यात पाणीटंचाईच्या दिवसांत रहिवाशांना आधार देणाऱ्या त्या विस्तीर्ण हौजाचा मूळ कर्ता हुसेन अलीच होय. इतिहासकाराने मशिदीपेक्षा हौजाचे श्रेय कोणाला, याची काळजी अधिक वाहिली आहे. या शहरात एप्रिल-मे महिने काढलेल्या कोणालाही त्याचे नवल वाटणार नाही.

मशीद उंच चौथऱ्यावर आहे. तीन बाजूंना बाहेरून दुकाने आणि एका बाजूने पायऱ्या. दर्शनी भागात पाच महिरपी, म्हणजे पाकळ्यांच्या कडांच्या, कमानी दगडी स्तंभांवर तोललेल्या आहेत. आत चोवीस स्तंभ व मागच्या भिंतीत सहा अर्धस्तंभ. पुन्हा आपला नियम लावून पाहावा. पाच कमानींना सहा आधार, सहाच्या चार रांगा म्हणजे चोवीस आणि पाचवी रांग भिंतीतली. बेरीज तीस, हिशेब पूर्ण. मधल्या भागावर कांद्याच्या आकाराचा डौलदार घुमट असून त्याच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या एका अरुंद पट्टीने बांधल्यासारख्या दाखविल्या आहेत. माथ्यावर कळस आहे. दोन्ही अंगांना पाच-पाच कमानींच्या ओवऱ्या पसरल्या असून त्यांचे छत लहान लहान घुमटांचे आहे. अंगणात दोन मोठे हौज आणि प्रवेशद्वार एखाद्या छोट्या मशिदीच्याच आकाराचे.

१६१२, १६६५ आणि १७२० या तीन पायऱ्या एकत्र पाहिल्या म्हणजे शंभर वर्षांतील बदल स्पष्ट होतो. कमान आधी साधी नोकदार होती, शेवटी महिरपी झाली. घुमट आधी छताचाच भाग होता, मग मधला एक उंच झाला, शेवटी तो कमळावर बसलेला स्वतंत्र आकार बनला. मशीद आधी जमिनीलगत बसलेली होती, नंतर बाजाराच्या डोक्यावर चढली. तरीही शहागंजच्या ओवऱ्यांत लहान समान घुमटांचे छत कायम आहे. मलिक अंबरच्या गवंड्यांची रीत मोगल कारागिरांनी मधल्या भागातून हटविली, पण बाजूंना ती तशीच ठेवली. ही सोय त्यांनाही सोडवली नाही.

पाण्याच्या बाबतीत या सर्व वास्तू एकाच जाळ्याच्या कड्या आहेत. वझूसाठी हौज हवा, हौजाला वाहते पाणी हवे आणि पाणी येणार उत्तरेकडील उंचावरून, केवळ उताराच्या बळावर. पाणचक्कीच्या आवारातील मशिदीसमोरील हौज हे याचे सर्वांत चतुर उदाहरण होय. बुखाऱ्याजवळून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचे हे स्थान. येथील हौजाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली थंडावा. आता शहराला जायकवाडीचे पाणी पंपाने चढवून आणावे लागते. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या घरात गेलेल्या शहराची तहान नहरींनी भागणार नाही हे खरे, परंतु त्या नहरींवर घरे व रस्ते चढविण्याची काही सक्ती नव्हती.

चुना, सिमेंट आणि वापरातील वास्तू

मशीद वापरात असल्यामुळे टिकते, आणि वापरात असल्यामुळेच बदलते. उपासकांची संख्या वाढली की पत्र्याचा मांडव येतो, पंखे व ध्वनिक्षेपकांसाठी भिंतीला भोके पडतात, फरशी बदलते. यात कोणाची कुबुद्धी नसते. असलीच तर श्रद्धाच असते. म्हणून संरक्षणाचा विचार व्यवस्थापकांना दोष देत सुरू करणे योग्य नव्हे. मात्र दोन गोष्टी त्यांना समजावून सांगता येण्यासारख्या आहेत. जुन्या बांधकामातील चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेला ओलावा तो बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओलावा आत कोंडतो, क्षार फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत नवा थर जुन्या चुन्यालाही घेऊन खाली येतो. काळ्या दगडावर दिलेला तेलरंगही याच जातीचा. तो दगड स्वच्छ दाखवितो, पण सांध्यांतील चुना गुदमरतो आणि घडाईच्या टाकीच्या खुणा, ज्यांवरून मलिक अंबरचे खण कोणते व औरंगजेबाचे कोणते हे ओळखता आले असते, त्या बुजून जातात.

दुसरी गोष्ट नोंदीची. एका जुन्या मशिदीच्या दुरुस्तीच्या वेळी प्रस्तुत लेखकाने तेथील वृद्ध गवंड्याशी बोलणे केले होते. गूळ, बेलफळ आणि मेथी यांचे पाणी चुन्यात किती दिवस मुरवावे, हे तो बोटांवर मोजून सांगत होता. त्याचे म्हणणे टिपून घेण्यास वही होती, पण चुना प्रत्यक्ष मळला जात असताना पाहणारे कोणी नव्हते, कारण ते काम पहाटे उरकले गेले होते आणि दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा सिमेंटची पोती उतरत होती. रसायनशास्त्र, इतिहास, भूगोल, उर्दू व फारसी, वाणिज्य आणि स्थापत्य या विषयांचे अध्यापक एकाच महाविद्यालयाच्या छपराखाली असतात. स्तंभांची मोजणी, लेखांचे ठसे, चुन्याचे नमुने, दुकानांच्या भाड्याच्या जुन्या वह्या, नहरीच्या मार्गांचा नकाशा यांपैकी प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या विभागाच्या आवाक्यातले आहे. जामा मशिदीपासून आरंभ केल्यास सोयीचे पडेल. तेथे निदान पहिला प्रश्न तयार आहे : स्तंभ चाळीस की पन्नास?